एकदा सगळ्यांना विचारून घेऊ

गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'प्रेझेंट मॅम' म्हणतानासुद्धा घाबरायचे, हे आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. आता मी अकरावीत आहे, शाळेच्या वादविवाद संघाची कॅप्टन आहे आणि ऑगस्टमध्ये पूर्व दिल्लीतल्या सगळ्या शाळांमधून पहिली आले आहे. हिंदीतून! समोरचा मुलगा माझा शेवटचा मुद्दा ऐकून नुसता पाणी पीत बसला. यार, काय वाटतं सांगू तेव्हा! पायाखाली स्प्रिंग लावल्यासारखं. त्यानंतर मी घरात, लिफ्टमध्ये, मेट्रोत, भाजीवाल्याशी, सगळ्यांशी वाद घालत सुटले. आई म्हणायची, "पूर्वी, मी फक्त विचारलं की पोळी एक का दोन."

हे सगळं आजीमुळे. आजी म्हणजे बाबाची आई, चंद्रप्रभा. ती इथल्याच मराठी शाळेत शिकवायची. निवृत्त होऊन जमाना झाला, पण शिकवणं काही सुटलं नाही. माझं प्रत्येक भाषण आधी तिच्यासमोर व्हायचं. ती दिवाणावर, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी, शेजारी ते घुरघुरणारं यंत्र, आणि मी पंख्याखाली उभी.

"हात खिशातून काढ. भाजी आणायला निघालीयस का?"

"आजी, तो ॲटिट्यूड आहे."

"तो ॲटिट्यूड खुर्चीवर ठेव आणि पुन्हा पहिल्यापासून बोल."

हसली की तिला खोकला यायचा, आणि तो लवकर थांबायचा नाही. तिची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. वाळलेला स्पंज असतो ना, तसं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बरं करायचं औषध नाही, फक्त जरा सावकाश होईल असं बघायचं. आता दिल्लीच्या हवेत सावकाश कसं बघणार? दिवाळी झाली की आमच्या खिडकीतून समोरचा टॉवरच दिसत नाही.

आजोबांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणतात, आमच्या पटपडगंजच्या सोसायटीतले पंजाबी अंकलसुद्धा 'अन्नासाब' म्हणतात. ते केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या टेबलावरून कुठलीही फाइल कधी सरळ वर गेली नाही. आधी ती सगळ्या संबंधितांकडे मत द्यायला फिरायची. सगळ्यांची मतं आली की मग आजोबांची सही. "त्यामुळे माझ्या सहीवर कधी कुणी बोट ठेवू शकलं नाही," असं ते अजून सांगतात. घरातही तेच. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा पुण्याच्या अशोककाकाला विचारलं, मुंबईच्या रेवतीआत्याला विचारलं, खालच्या मजल्यावरच्या मेहताअंकलना विचारलं. आजी म्हणाली, "दोन उन्हाळे दूध नासलं, पण एकमत झालं हो."

ऑक्टोबरमध्ये आजी पहिल्यांदा दवाखान्यात गेली. तोंडावर घट्ट मास्क बांधून ठेवला होता, त्यातून यंत्र जोराने हवा आत ढकलायचं. काही दिवसांनी घरी आली ती नाकावर काळानिळा वळ घेऊन. त्या आठवड्यात एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. म्हणजे ती सोलत होती, मी खात होते.

"पूर्वी, पुढच्या वेळी नळी घालायची म्हणतील. घशातून. तिला म्हणतात ना ते..."

"व्हेंटिलेटर."

"तेच. मला ते नकोय."

मी मटार खायची थांबले.

"नागपूरला माझ्या बहिणीला पाहिलं मी, कुमुदिनीला. डोळे टक्क उघडे. हात पलंगाला बांधलेले, नळी ओढू नये म्हणून. मी समोर उभी राहिले की तिला काहीतरी सांगायचं असायचं. रोज. काय ते मला अजून माहीत नाही, आणि आता कळायचंही नाही." तिने एक शेंग दोनदा तपासली, त्यात काही नव्हतं. "ह्यांना सांगितलं मी. हे म्हणाले, बघू. तुझ्या बाबाला सांगितलं, तर 'आई, काहीतरी अभद्र बोलू नकोस' म्हणाला आणि चहा ठेवायला पळाला. इतका कडू चहा मी जन्मात प्यायले नाही. तुझी आई रडायलाच लागली. आता राहिलीस तू."

"लिहून ठेव ना मग, आजी. सही करून."

"लिहिलं तर तुझे आजोबा तो कागद सगळ्यांना फिरवतील."

आम्ही दोघी हसलो, मग तिचा खोकला, मग पाणी, मग पाठीवर हात. शांत झाल्यावर ती म्हणाली, "मला घरी राहायचंय. ह्या दिवाणावर. दम लागतो तो कमी वाटावा म्हणून औषध देतात, घरीसुद्धा देता येतं. दवाखान्यातल्या त्या लहानशा डॉक्टरनेच मला सांगितलं. तेवढं पुरे. पण वेळ येईल तेव्हा मला बोलता येणार नाही. तेव्हा तू बोलायचंस."

"ये भी कोई पूछने की बात है?"

"मराठीत सांग."

"बोलेन. असं बोलेन आजी, की सगळे गप्प होतील. बिल्कुल."

आणि मला खरंच तसं वाटत होतं. त्या दिवसांत मला जगातला कुठलाही माणूस द्या, मी त्याचं मत बदलून दाखवलं असतं.

नोव्हेंबरात शाळा हवेमुळे बंद झाल्या. मी घरीच होते. सकाळी आजी दात घासायला उठली आणि बेसिनशीच खाली बसली. ओठ जांभळे. बाबाने ॲम्ब्युलन्स बोलावली. मी तिच्यासोबत मागे बसले. ती बोलू शकत नव्हती, पण माझी बाही तिने मुठीत धरली होती आणि स्ट्रेचर आत जाईपर्यंत सोडली नाही.

दवाखाना मोठा, काचेचा, आजोबांच्या सरकारी कार्डावर सगळं होणारा. म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हता. कधीकधी मला वाटतं, असता तर निदान कुणीतरी 'नको' म्हणायला तोंड उघडलं असतं.

तो लहानसा डॉक्टर म्हणजे डॉक्टर अंशुमन. बाबापेक्षा बराच तरुण, डोळ्यांखाली काळं, आणि बोलताना खुर्ची ओढून समोर बसणारा. आम्हाला त्याने एका छोट्या खोलीत बसवलं. आजोबा, बाबा, आई आणि मी.

"देखिए, मास्क से अब काम नहीं चल रहा," तो म्हणाला. "शाम तक तय करना पड़ेगा. हम नली डालकर मशीन पर ले सकते हैं. इन्फेक्शन शायद ठीक हो जाए. लेकिन फेफड़े पहले वाले नहीं होंगे. मशीन पर जाना आसान है. मुझे डर है, उतर नहीं पाएँगी."

"और नहीं डालें तो?" बाबाने विचारलं. आवाज असा की जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

"तो साँस की तकलीफ़ की दवा देंगे. आराम से रखेंगे. आप सब पास बैठिए, चाहें तो घर ले जाइए. शायद दो-तीन दिन. ये भी इलाज है अंकल, छोड़ देना नहीं है."

"इक्यासी की उम्र है, इसलिए कह रहे हैं आप?" आजोबांनी विचारलं. त्यांचा ऑफिसचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "उम्र देखकर इलाज होता है अब?"

"उम्र नहीं देख रहा. पचास की होतीं और फेफड़े ये होते, तब भी यही कहता."

मी मनात टाळी वाजवली. मला वाटलं, झालं, आता प्रश्नच नाही, एवढा स्वच्छ मुद्दा कोण खोडणार? आणि आजोबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि बाबाला म्हणाले, "एकदा सगळ्यांना विचारून घेऊ."

कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, सॉसच्या बाटलीला टेकवून बाबाचा फोन उभा केला. एका चौकोनात पुण्याचे अशोककाका, बाबाचे मोठे भाऊ, मागे त्यांच्या गॅलरीतली तुळस. दुसऱ्या चौकोनात रेवतीआत्या, मुंबईच्या ऑफिसातल्या मीटिंग रूममध्ये, डोळे आधीच सुजलेले.

"हे बघ सुधन्वा," काका म्हणाले, "ऐंशी म्हणजे आजकाल काही वय नाही. आमच्याकडचे आपटे. पंच्याऐंशीला बायपास केली, आता दर रविवारी सिंहगड चढतात."

"काका, आपट्यांची फुप्फुसं चालतात," मी म्हटलं.

"पूर्वी, मोठी माणसं बोलतायत ना."

"मी पहाटेच्या फ्लाइटने येते," आत्या म्हणाली. "तोपर्यंत तरी ठेवा रे तिला. मला भेटायचंय. एवढंच मागतेय मी."

"आत्या, नळी घातली की औषध देऊन झोपवतात. तू येशील तेव्हा ती झोपलेली असेल. आत्ता ती जागी आहे. मी फोन आत घेऊन जाते, आत्ता बोल तिच्याशी. चल ना!"

आत्याने तोंडावर हात धरला. "नको गं. मास्कमध्ये नाही बघवणार मला. उद्या येते ना मी."

"डॉक्टर लोकांचं काय," काका म्हणाले, "हल्ली म्हातारी माणसं दिसली की ह्यांना बेड रिकामा करायचा असतो."

"मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, उगाच भरती करून ठेवतात म्हणून!"

"पूर्वी!" बाबा ओरडला.

तेव्हा मी उभी राहिले. कँटीनमध्ये, हातात चहाचा कप घेतलेल्या इतर पेशंटांच्या नातेवाइकांच्या मध्ये, उभी. आणि बोलले. मराठीत, एकही हिंदी शब्द न घालता. नागपूरच्या मावशीआजीचं सांगितलं. मटार सोलताना आजी काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगितलं. म्हटलं, तुम्ही सगळे तिच्यावर प्रेम करता, हे तिला माहीत आहे, त्यासाठी तिच्या घशात नळी घालून दाखवायची गरज नाही. म्हटलं, तुम्हाला 'सगळं केलं' असं वाटायला हवंय, पण ते करणार तिच्या शरीरावर, तुमच्या नाही. म्हटलं, तिने आयुष्यभर आपल्या सगळ्यांचं ऐकून घेतलं, आज एक दिवस, एकच दिवस, तिचं ऐका. तिला घरी नेऊया. मी तिच्याजवळ बसेन, रात्रभर बसेन, मला भीती वाटत नाही.

माझा आवाज एकदाही फुटला नाही. शेजारच्या टेबलावरच्या एक बाई, त्यांना मराठी काय कळणार, तरी समोसा हातात तसाच धरून बघत होत्या.

सगळे गप्प झाले. मी म्हटलं होतं ना, गप्प होतील.

मग काकांनी चष्मा काढला. "अरे सुधन्वा, पोरगी काय बोलते रे! अंगावर काटा आला. ते बक्षीस उगाच नाही मिळालं."

"आणि मराठी किती स्वच्छ," आत्या नाक पुसत म्हणाली. "दिल्लीत वाढून! माझ्या मुलाला, साकेतला, शिवाजी पार्कात राहून दोन वाक्यं नीट येत नाहीत. सगळं आईचं शिकवणं."

आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मुद्देसूद," ते म्हणाले. "अगदी मुद्देसूद." मग फोनकडे वळले. "बरं. तर मग नळी घालावी, असंच ना सगळ्यांचं?"

"हो अण्णा. एक प्रयत्न तर करायलाच हवा," काका म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली.

"मग मी आत्ता काय बोलले?" मी विचारलं.

"तुझं ऐकलं ना बाळा सगळ्यांनी," आजोबा म्हणाले. "नीट ऐकलं."

बाबा जिन्याकडे निघाला तशी मी त्याच्या मागे धावले. त्याच्या शर्टाला लटकलेच म्हणा ना.

"तुला माहितीये तिला नकोय! तिने तुला सांगितलं होतं, तू चहा करायला पळालास!"

"पूर्वी, बस."

"तू नाही म्हण ना. एक शब्द आहे. नाही."

"तू म्हणून दाखव."

"म्हणते की! नाही! नाही!"

"तुझी सही चालत नाही," बाबा म्हणाला. मग तो जिन्याच्या पायरीवर बसला, ऑफिसच्या पँटमध्ये, तिथल्या धुळीत. "चार दिवसांत इन्फेक्शन उतरलं असतं, असं नंतर कुणी म्हणालं तर? तू कॉलेजला निघून जाशील. मी तो दिवाण बघत राहीन. अण्णा बघत राहतील. तुला काय वाटतं, मला कळत नाही? सगळं कळतं. पण आईला मरू द्या, असं माझ्या तोंडातून निघतच नाही. मी काय करू? निघतच नाही."

मी त्याचा शर्ट सोडला.

आई वरच्या पायरीवर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. "मला कुणी विचारलंय?" ती हळू म्हणाली. "सगळ्यांना विचारलं. मी सून. उद्या लोक म्हणतील, गिरिजाला सासूबाई नकोच होत्या."

मी पळत आजीकडे गेले. पडद्यामागे ती अर्धी बसलेली, छाती भात्यासारखी वरखाली. मला बघून तिने मास्क बोटाने जरासा उचलला. यंत्र लगेच किंचाळायला लागलं.

"बोललीस?"

"बोलले."

"मग?"

काय सांगणार होते मी? "सगळ्यांना खूप आवडलं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "हं," म्हणाली आणि मास्क स्वतःच पुन्हा लावून घेतला.

डॉक्टर अंशुमन आला. त्याने वाकून तिला विचारलं, हे मी स्वतः पाहिलंय, "माताजी, नली लगवानी है?" आजीने मान हलवली. नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तो बाहेर गेला आणि आजोबांना म्हणाला, "वो मना कर रही हैं."

"ऑक्सिजन कम है, घबराई हुई हैं," आजोबा म्हणाले. "ऐसे में आदमी कुछ भी कहता है. परिवार में सबकी सहमति है."

डॉक्टरने बाबाकडे पाहिलं, बाबा जमिनीकडे बघत होता. "तो साइन कर दीजिए," तो म्हणाला. मग सिस्टरने मला बाहेर काढलं आणि पडदा ओढला.

आत्या दुसऱ्या दिवशी आली. आजी झोपवलेली होती. आत्या तिच्या पायांना हात लावून रडली, तीन दिवस राहिली आणि गेली. काका व्हिडिओवरून बघायचे. आठवड्याभरात इन्फेक्शन खरंच उतरलं, तेव्हा काकांनी ग्रुपवर लिहिलं, 'बघा! म्हटलं नव्हतं?' आणि खाली फुलं, हात जोडलेले, सतरा लोकांचे. आता यंत्र हळूहळू कमी करणार, असं ठरलं. कमी केलं की आजीचे ओठ जांभळे. पुन्हा वाढवायचं. पुन्हा कमी करून बघायचं. ग्रुपवर रोज संध्याकाळी आजोबा एकच लिहायचे, 'प्रकृती स्थिर आहे.' स्थिरच होती. स्थिर होती हेच तर भयंकर होतं.

झोपेचं औषध उतरवलं तेव्हा ती जागी झाली. पहिल्या दिवशीच तिने नळी ओढली. मग मऊ पट्ट्यांनी दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधली. संध्याकाळी एकेकाला आत सोडायचे. मी गेले की ती माझ्याकडे बघायची आणि बोटं हलवायची, हवेत, काहीतरी पकडल्यासारखी. तिला काहीतरी सांगायचं असायचं.

मी बडबड करायचे. शाळा उघडली, मेहताअंकलच्या कुत्र्याने पुन्हा लिफ्टमध्ये घाण केली, आईने तिळाचे लाडू केले ते दगड झालेत. बोलत असले की तिच्या डोळ्यांकडे बघावं लागायचं नाही.

एकदा डॉक्टर अंशुमनने आजोबांना आणि बाबाला पुन्हा त्या छोट्या खोलीत बसवलं. मी दारात उभी होते. तो म्हणाला, अजूनही थांबता येतं. कायद्याने वाट आहे, डॉक्टरांची समिती बसते, कुटुंबाने मागणी करावी लागते. घाई नाही, विचार करा.

"चलती मशीन बंद कर दें?" आजोबांचा आवाज चिरकला. "मैं लिखकर दूँ? मैं?"

"पहले लगाई क्यों, फिर?" बाबा म्हणाला. डॉक्टरला नाही, कुणालाच नाही.

आजोबांनी तरीही पुण्याला आणि मुंबईला विचारलं. त्यांच्या बाजूने बोलायचं तर त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "एवढं केल्यावर आता?" आत्या फोनवर नुसती रडली. मी ह्या वेळी काही बोलले नाही. कुणी विचारलंही नाही. मग डॉक्टर म्हणाला, तर घशातली नळी जास्त दिवस ठेवता येत नाही, मानेला पुढून छोटं छिद्र पाडून तिथून नळी घालावी लागेल. म्हणजे तोंड मोकळं होईल. पुढे महिनोन्महिने राहता येतं तसं.

हे आजीला सांगितल्यापासून ती मान हलवत होती. सिस्टर आली की नाही. बाबा आला की नाही. डोकं उशीवर डावीकडे, उजवीकडे, थांबेचना. रक्तदाब चढायचा, यंत्र किंचाळायचं. पट्ट्या आणखी घट्ट केल्या, मनगटांवर लाल वळ उठले.

शुक्रवारी बाबा शाळेच्या फाटकाशीच गाडी घेऊन उभा होता. मागच्या सीटवर आजोबा. पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये आजोबा म्हणाले, "पूर्वी बाळा, तू समजाव तिला. ती फक्त तुझं ऐकते. तू बोलतेस चांगलं."

"मी नाही."

"ऑपरेशनच्या वेळी अशी मान हलवली तर धोका आहे म्हणतात," बाबा म्हणाला. "आणि शांत राहिली तर हात सोडतील. सिस्टरने सांगितलंय. पूर्वी, हात सोडतील तिचे."

म्हणून मी गेले.

आजीने मला बघितलं आणि मान हलवायची थांबली. तिला वाटलं असेल, मी तिच्या बाजूने आलेय. मी स्टूल ओढलं, अगदी कानाशी बसले.

"आजी, तोंडातली नळी काढणार आहेत. ओठ कापलेत ना तुझे, ते बरे होतील. गिळता येईल कदाचित. आई पेज घेऊन येईल."

नाही.

"छिद्र एवढंसं असतं. मी वाचलंय सगळं. काही लोक नंतर बोलायलासुद्धा लागतात."

नाही. नाही.

"तू नाही म्हटलंस तरी ते करणारच आहेत आजी. तुला झोपवतील आणि करतील. सह्या होतील. तू मान हलवतेस म्हणून काही थांबणार नाहीये, फक्त तुझे हात बांधलेले राहतील. बघ, वळ बघ. तू शांत राहिलीस तर आज सोडतील. आत्ता. मी तुझा हात धरून बसेन. मला तुझा हात धरायचाय गं."

तिने मान हलवली, पण सावकाश. मी तिथेच नेमकं धरलं, थांबले नाही. म्हटलं, बाबाला रात्री झोप येत नाही, तो दिवाणावर बसून राहतो. म्हटलं, आजोबांनी दाढी केलेली नाही, त्यांना बघवत नाही. म्हटलं, तू हट्ट केलास तर त्या दोघांना आणखी त्रास. हे सगळं खरं होतं. एकही गोष्ट मी खोटी सांगितली नाही. मी इतकं चांगलं आयुष्यात कधी बोलले नव्हते.

तिची मान थांबली. डोळे माझ्यावरून सरकले आणि छतावरच्या दिव्यावर गेले. बोटं हलायची, तीही थांबली.

"मान गईं?" सिस्टरने विचारलं. यंत्राकडे बघून म्हणाली, "बी.पी. भी नीचे आ गया. शाबाश." तिने डाव्या हाताची पट्टी सोडली, मग उजव्या. मी आजीचा हात माझ्या हातात घेतला. गरम होता, हलका होता. मी दाबला. तिने दाबला नाही. मी सोडला तर तसाच चादरीवर पडून राहिला, कठड्याकडे तळवा करून.

बाहेर बाबा दारालाच टेकून उभा होता, हातात पेन.

"तयार आहे?"

"आता नाही म्हणत नाहीये," मी म्हटलं.

बाबाने मान डोलावली आणि सही करायला काउंटरकडे गेला.